औट तासांचें अंतर

गेल्या जून महिन्यांत आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. ती सप्टेंबरांत उच्च शिक्षणाकरितां जर्मनीस निघणार होती. हातांत पेढ्यांचा पुडा, चेहऱ्यावर आनंद आणि त्या आनंदाच्या आडून डोकावणारी थोडी भीति, असें तिचें रूप होतें. निघतांना दारांत थांबून तिनें हळूच विचारलें, "बाई, तुम्ही तेथें राहिलां होतां ना? पहिले दिवस कसे जातात?" मीं तिला कागदपत्रांच्या व थंडीच्या कपड्यांच्या चार गोष्टी सांगितल्या. ती गेल्यावर मात्र मनांत आलें, कीं जें खरोखर सांगावयास हवें होतें, तें मीं सांगितलेंच नाहीं. तें सांगण्याची मला अजून थोडी लाज वाटते, हेंच त्याचें कारण. आज वार्षिकाच्या निमित्तानें तें लिहून टाकतें. तिलाहि तें वाचावयास मिळेल, आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या व तुमच्या आईवडिलांच्याहि तें कांहीं उपयोगीं पडेल.

सन २००४ सालीं मी चोवीस वर्षांची होतें. पुण्यास बी. ए. व बी. एड्. झालें होतें, आणि मॅक्स म्युलर भवनांत जर्मन भाषेचे वर्गहि केले होते. एका ख्रिस्ती संस्थेची शिष्यवृत्ति मिळून ट्यूबिंगेन येथील विश्वविद्यालयांत एक वर्ष शिक्षणशास्त्राचा अभ्यास करण्याची संधि मला लाभली. शिष्यवृत्ति होती खरी, परंतु विमानाचें भाडें व गरम कपडे यांसाठीं बाबांनीं आपल्या भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढली होती. ती किती, हें त्यांनीं मला कधीं सांगितलें नाहीं. आईनें वाटेसाठीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी व लिंबाचें लोणचें बांधून दिलें. "दोन दिवस पुरेल, पुढें तेथलें खा," असें ती म्हणाली. तें तिचें बोलणें अक्षरशः खरें ठरलें.

ट्यूबिंगेन हें स्टुटगार्टच्या दक्षिणेस नेकार नदीच्या काठीं वसलेलें एक लहानसें गांव आहे. तेथील विश्वविद्यालय काउंट एबरहार्ड यानें १४७७ सालीं स्थापन केलें. ग्रहांच्या गतीचे नियम शोधून काढणारा केप्लर येथेंच शिकला, आणि विल्हेल्म शिकार्ड या पंडितानें १६२३ सालीं बेरीज-वजाबाकी करणारें यंत्र येथेंच रचिलें. आपल्याकडील संस्कृताच्या अभ्यासकांस ठाऊक असलेल्या सेंट पीटर्सबर्गच्या थोर संस्कृत कोशाचे एक कर्ते रुडोल्फ रोट हेहि येथलेच अध्यापक. इतकी विद्वत्तेची परंपरा ज्या गांवाची, तेथें आपण शिकावयास जात आहों, या अभिमानानें माझे पाय जमिनीस लागत नव्हते. ते लवकरच लागले.

सप्टेंबरच्या २५ तारखेस, शनिवारीं, रात्रीं नऊच्या सुमारास मी टेकडीवरील विद्यार्थिगृहांत पोहोंचलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूध व पाव आणावयास खालीं उतरलें, तों सगळीं दुकानें बंद! रविवारीं दुकानें बंद ठेवण्याचा त्या देशांत कायदाच आहे. कांहीं बेकऱ्या तेवढ्या थोडा वेळ उघड्या असतात, पण तें मला कोण सांगणार? रस्त्यावर माणूस नाहीं, गाडी नाहीं. केवळ देवळांच्या घंटा वाजत होत्या. त्या दिवशीं मी आईच्या दशम्यांवर राहिलें. सायंकाळीं स्वयंपाकघरांत शेजारच्या खोलींतील मुलगी भेटली. तिनें माझ्यापुढें काळसर, जाड पावाचे काप व चीज ठेविलें. तेथें रात्रीचें जेवण बहुधा असेंच थंड असतें. त्यास ते 'संध्याकाळची भाकर' अशा अर्थाचें नांव देतात. तो पाव चावतांना माझ्या जबड्यास कष्ट पडले. पण त्या रात्रीं त्यासारखें गोड कांहीं लागलें नसतें.

पुढील आठवडा कचेऱ्यांचा होता. नगरकचेरींत जाऊन आपला पत्ता नोंदवावयाचा, आरोग्यविम्याचा दाखला मिळवावयाचा, बँकेंत खातें उघडावयाचें, मग परदेशीयांच्या कचेरींत वास्तव्याचा परवाना मागावयाचा, अशी ती सांखळी असते. एक कडी निसटली कीं पुढची अडते. पत्त्याच्या नोंदणीस आज घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांची मुदत आहे. घरांतहि शिकावयाचें कांहीं थोडें नव्हतें. कागद एका डब्यांत, भाजीपाल्याचीं सालें दुसऱ्यांत, वेष्टनें तिसऱ्यांत, आणि कांच घराबाहेरच्या मोठ्या पेटींत टाकावयाची. पाण्याची रिकामी बाटली फेकून न देतां दुकानांत परत करावयाची, म्हणजे तिच्यावर घेतलेली अनामत रक्कम मिळते. पहिल्या आठवड्यांत मीं अशा किती बाटल्या टाकून दिल्या, याचा हिशेब मीं बाबांना कधींच दिला नाहीं.

या साऱ्या धांवपळींत मुख्य काळजी निराळीच होती. जर्मन विश्वविद्यालयांत नांव दाखल होण्यापूर्वीं परदेशी विद्यार्थ्यास भाषेची परीक्षा द्यावी लागते. आधीं लेखी, मग तोंडी. ती उतरली नाहीं तर प्रवेश नाहीं. आणि प्रवेश नाहीं तर माझी शिष्यवृत्तीहि नाहीं, म्हणजे आल्या पावलीं परत. लेखी परीक्षा मी उतरलें. तोंडी परीक्षेसाठीं माझी वेळ बदलली आहे, असें सांगावयास कचेरींतील एक गृहस्थ मला वाटेंतच भेटले. "उद्यां, हाल्प नॉइन," इतकें म्हणून ते पुढें जाऊं लागले. मींहि मोठ्या ऐटींत "होय, होय" म्हटलें.

'हाल्प' म्हणजे अर्धा, 'नॉइन' म्हणजे नऊ. इंग्रजींत 'हाफ पास्ट नाइन' म्हणतात तेव्हां साडेनऊ वाजलेले असतात. माझ्या कानांत शब्द जर्मन शिरले, परंतु अर्थ इंग्रजीचा निघाला. जर्मन भाषेंत 'हाल्प नॉइन' म्हणजे साडेआठ, हें मीं पुण्यास शिकलें होतें, वहींत लिहिलेंहि होतें. पण पुस्तकांत शिकलेली गोष्ट घाईच्या वेळीं कानाशीं उभी राहतेच असें नाहीं. खरी चूक तर याहून निराळी होती. माझ्या मनांत क्षणभर शंका आली होती. त्या गृहस्थांना मीं थांबवून विचारिलें असतें, तर त्यांनीं घड्याळावर बोट ठेवून दाखविलें असतें. परंतु 'हिला इतकेंहि समजत नाहीं' असें त्यांना वाटेल, या भीतीनें मीं विचारिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नऊ वाजून दहा मिनिटांनीं, आपण वीस मिनिटें आधीं आलों या समाधानांत, मी त्या खोलीबाहेर जाऊन बसलें. दार उघडलें आणि पिकल्या केसांच्या परीक्षक बाई बाहेर आल्या. त्यांनीं माझें नांव विचारिलें, यादींत पाहिलें व शांतपणें म्हटलें, "आपली वेळ साडेआठ होती."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. आणि त्याच क्षणीं 'बस चुकली' हे शब्द माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले. ते कोठून आले, कोण जाणे; इतके तयार होते, कीं जणूं घरूनच बांधून आणले होते. पण त्या गांवची बस किती वेळेवर चालते, हें त्या बाईंना माझ्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. मीं खरें तें सांगितलें. तें सत्याच्या प्रीतीनें सांगितलें कीं पकडलें जाण्याच्या भीतीनें, हें मला आजहि निश्चयानें म्हणतां येत नाहीं. मी इतकेंच म्हटलें, कीं मला वेळ समजली नाहीं, आणि मीं पुन्हा विचारिलें नाहीं.

त्या हंसल्या नाहींत, रागावल्याहि नाहींत. म्हणाल्या, "इतरांची वेळ मला तुम्हांस देतां येणार नाहीं. परंतु शेवटचा विद्यार्थी गेल्यावर कागद आवरण्यास मी थांबणार आहें. तुम्ही 'हाल्प द्राय'ला या. आतां सांगा, किती वाजतां याल?" मीं माझ्या मनगटावरील घड्याळाचे कांटे अडीचवर फिरवून त्यांच्यापुढें धरले. त्यांनीं मान हलविली व दार लावून घेतलें.

मधले पांच तास मी नेकार नदीच्या मधोमध असलेल्या बेटावर, चिनाराच्या जातीच्या उंच झाडांच्या रांगेखालीं बसून काढले. पानें पिवळीं पडूं लागलीं होतीं. परत जावें लागलें तर बाबांना तोंड कसें दाखवावें, शेजारीपाजारीं काय म्हणतील, त्या रकमेची फेड कशी व्हावी, हेंच चक्र मनांत फिरत होतें. शिवाय वेळ पुन्हा चुकूं नये म्हणून मी तोंडानें पुटपुटत होतें, "हाल्प द्राय, अर्धा तीन, अर्धा तिसरा, अर्धा तिसरा..." आणि एकाएकीं मला आजोबा आठवले.

आजोबा खेड्यांतील प्राथमिक शाळेंत मास्तर होते. सुट्टींत आम्ही नातवंडें जमलों, कीं दिवेलागणीनंतर ते आम्हांस ओट्यावर बसवून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी म्हणावयास लावीत. शेवटीं औटकी असे. औट म्हणजे साडेतीन. दोनदां औट सात, तीनदां औट साडेदहा, असें तें चाले. मी शहरांत शिकणारी मुलगी, मी थट्टेनें विचारिलें होतें, "आजोबा, औट म्हणजे क्रिकेटांतला आऊट का?" आजोबा रागावले नव्हते. ते म्हणाले होते, "बाळ, औट म्हणजे अर्धचतुर्थ. तीन पुरे आणि चवथा अर्धा. अडीच म्हणजे अर्धतृतीय. दोन पुरे, तिसरा अर्धा. आपले वाडवडील पुढच्या घराकडे पाहून मोजीत असत." हें सारें माझ्या दृष्टीनें जुनें, निरुपयोगी सामान होतें; मीं तें तेथेंच टाकून दिलें होतें.

आतां त्या झाडांखालीं मला दिसलें, कीं 'हाल्प द्राय' आणि 'अडीच' यांची घडण एकच आहे. दोन तास पुरे झाले, तिसरा अर्धा झाला. मग सकाळचें कोडेंहि सुटलें: आठ पुरे, नववा अर्धा. आणि एकामागून एक गोष्टी सुचूं लागल्या. इंग्रजींत वीस आधीं व एक मागून येतो; जर्मन मनुष्य 'एक-आणि-वीस' म्हणतो, आणि आपणहि एकवीसच म्हणतों. निर्जीव वस्तूंस लिंगें कशाला, म्हणून इंग्रज विद्यार्थी डोकें धरून बसतो. आपण तर 'तो पलंग, ती खुर्ची, तें कपाट' असें बोलतच मोठे होतों. शब्दांचीं लिंगें दोन्ही भाषांत जुळतात असें नाहीं, पण तीन लिंगांची कल्पना आपल्याला परकी नाहीं. जर्मन गौण वाक्यांत क्रियापद शेवटीं जाऊन बसतें, याचें आपल्याला कसलें नवल? आपलें क्रियापद नेहमींच शेवटीं असतें. मी आजवर इंग्रजीच्या पुलावरून जर्मन भाषेंत जावयास धडपडत होतें. माझ्या स्वतःच्या अंगणांतून एक पाऊलवाट तिकडे जाते, हें मला दिसलेंच नव्हतें. कारण अंगणाकडे पाहण्याची मला लाज वाटत होती.

बरोबर अडीच वाजतां मी दारांत उभी होतें. एक उतारा वाचून त्यावर बोलावयाचें होतें. उतारा वृद्ध लोकांच्या एकाकीपणाविषयीं होता. मी अडखळलें, दोन ठिकाणीं चुकलें. शेवटीं बाईंनीं कागद बाजूस ठेवून विचारिलें, "सकाळीं नेमकें काय झालें?" तेव्हां मीं त्यांना अडीच, दीड व औट यांची गोष्ट सांगितली. त्या पुढें सरकून बसल्या. "दीड म्हणजे?" म्हणून त्यांनीं विचारिलें. मी म्हटलें, "संस्कृतांत द्व्यर्ध, एक पुरा, दुसरा अर्धा." त्यांनीं कागदावर एक शब्द लिहिला, 'आन्डर्टहाल्प'. दीड या अर्थाचा हा जर्मन शब्द. त्याचाहि मूळ अर्थ 'दुसरा अर्धा' असाच आहे, असें त्यांनीं सांगितलें. मग त्यांनीं मला पेंचांत धरलें: "मग साडेआठ तुम्ही मागून कां मोजतां?" मी म्हटलें, "आमच्याकडे दोन्ही रीति आहेत. 'साडे' म्हणजे अर्ध्यासह. थोड्यांसाठीं जुनी रीत उरली, बाकीच्यांसाठीं नवी आली." बाहेर आल्यावर माझ्या ध्यानांत आलें, कीं ती पांचदहा मिनिटें मी मनांत भाषांतर न करतां बोललें होतें. मी परीक्षा उतरलें. गुण मात्र मध्यम होते, आणि ते तसेच असावयास हवे होते.

आतां लाजेची दुसरी गोष्ट. दर रविवारीं सायंकाळीं मी रस्त्यावरील दूरध्वनीच्या खोक्यांतून घरीं बोलत असें. "सर्व ठीक आहे, जेवण चांगलें मिळतें, मैत्रिणी पुष्कळ झाल्या," असें मी सांगत असें. यांतलें एकहि वाक्य खरें नव्हतें. त्या रविवारीं मात्र मीं बाबांना सारें सांगितलें: चुकलेली वेळ, जिभेवर आलेलें खोटें, नदीकांठचे पांच तास, आजोबांची औटकी. बाबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. आजोबांना जाऊन तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. मग त्यांनीं विचारिलें, "तेथें आतां किती वाजले?" मी म्हटलें, "सहा." "येथें साडेनऊ झाले," बाबा म्हणाले, "म्हणजे तुझ्या-आमच्यांत औट तासांचें अंतर आहे. अण्णांना हें ऐकून बरें वाटलें असतें."

मग आईनें फोन घेतला आणि विचारिलें, "आणि आज खरोखर काय जेवलीस?" त्या 'खरोखर' शब्दानें मला कळून चुकलें, कीं माझें एकहि खोटें तिला पटलें नव्हतें. इतके आठवडे ती तिकडे काळजी करीत होती व मी इकडे. आणि दोघीहि एकमेकींस 'सर्व ठीक' म्हणून सांगत होतों.

पुढें ऑक्टोबरच्या मध्यास व्याख्यानें सुरू झालीं. तेथें वेळापत्रकांत दहा लिहिलें असेल व त्यापुढें एक विशिष्ट खूण असेल, तर व्याख्यान सव्वादहास सुरू होतें. अर्थात् पहिल्या दिवशीं मी पंधरा मिनिटें रिकाम्या दालनांत एकटीच बसलें. व्याख्यान संपतांच साऱ्या विद्यार्थ्यांनीं बोटांच्या पेरांनीं बांक ठोठावले. मला वाटलें, मुलें अध्यापकांवर चिडलीं. तें त्यांचें टाळ्या वाजविणें होतें. पण आतां मीं एक रीत लावून घेतली होती. जें कळलें नाहीं, तें मी शेजारणीस लागलीच विचारीत असें. माझ्या प्रश्नांस कोणीहि हंसलें नाहीं. ऑक्टोबरच्या ३१ तारखेस, रविवारीं, तेथील घड्याळें एक तास मागें गेलीं आणि आमचें अंतर साडेचार तासांचें झालें.

त्या गोष्टीस आतां वीस वर्षें होऊन गेलीं. आज जर्मनींत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत ते सुमारें ४९ हजार होते. व्यवस्थाहि बदलल्या आहेत. सन २०२२ च्या नोव्हेंबरपासून येथील पदवीची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. वर्षाच्या खर्चाची रक्कम, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो, बंद खात्यांत आगाऊ ठेवून दाखवावी लागते. ट्यूबिंगेन ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यांत आहे, तेथें युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस २०१७ पासून दर सत्रास १,५०० युरो शुल्क पडतें. आईवडिलांनीं हे हिशेब आधींच नीट पाहावेत. आतां खिशांतल्या फोनवर आईचा चेहरा दिसतो, हें मोठें सुख आहे. परंतु चेहऱ्यावर हंसूं आणून 'सर्व ठीक' म्हणणें त्यानें कठीण झालें आहे, असें मला वाटत नाहीं.

म्हणून माझ्या विद्यार्थिनीस, आणि तिच्या मागून जाणाऱ्यांस, दोनच गोष्टी सांगतें. कळलें नाहीं तर पुन्हा विचारा. एका प्रश्नानें जाणारी अब्रू ही फार स्वस्त वस्तु आहे, तिच्या पायीं वर्ष घालवूं नका. आणि घरीं खरें सांगा. घरच्यांनींहि 'खरोखर काय जेवलीस' असें विचारावें. घरून नेलेल्या शिदोरींतील दशम्या दोन दिवसांत संपतात. ओट्यावर शिकलेलें मात्र कोठें व केव्हां उपयोगीं पडेल, याचा नेम नाहीं. तें जड नसतें, त्याला विमानांत वेगळें भाडें पडत नाहीं, तेव्हां तें मागें टाकून जाऊं नका.

बाळ, तूं सप्टेंबरांत उतरशील, तेव्हां आपल्यांत औट तासांचें अंतर असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तें साडेचार होईल. त्या दिवशीं घरीं फोन करतांना तेवढें ध्यानांत ठेव. तुझी आई जागी राहून वाट पाहत असेल.